घर बघायला जाल तेव्हा आधी मीटर कुठे लावलेत ते बघा

वाघोलीत आम्ही तीन वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या तीन वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकले, टँकर रिव्हर्स घेताना जो पिप् पिप् आवाज येतो ना तो गाढ झोपेतही ओळखायला. पहाटे साडेपाचला तो आला की बरं वाटायचं, चला आज आंघोळी होणार. नाही आला की सोसायटीच्या ग्रुपवर "टँकर कुठंय?" सुरू. फ्लॅट बघायला गेलो होतो तेव्हा ब्रोकरने आम्हाला स्विमिंग पूल दाखवला होता, तो कोरडा ठणठणीत होता, म्हणाला मेन्टेनन्स चालूय, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं, मान डोलावून खाली आलो.

2021 मध्ये वाघोली अजून 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आली तेव्हा लोकांना वाटलं आता काय, नळाला पाणी. पण हद्द गावापर्यंत येणं वेगळं आणि पाइपलाइन येणं वेगळं, हे त्यांना नंतर कळलं. आम्ही राहायला गेलो तेव्हाही टँकर होता, सोडून निघालो तेव्हाही टँकरच.

तर यावेळी घर विकत घ्यायचं ठरलं, आणि सिंहगड रोड नक्की केला कारण माझी शाळा स्वारगेटजवळ, आई नारायण पेठेत आणि नवऱ्याचं काम आता घरूनच. ट्रॅफिकचं म्हणाल तर पूर्वी राजाराम पूल ते फनटाइम थिएटर म्हणजे शिक्षा होती, आता फ्लायओव्हर झाल्यापासून जरा श्वास घेता येतो. भाजी, दवाखाना, बस, शाळा, क्लासेस सगळं आहे. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही.

पहिला फ्लॅट नदीच्या बाजूला. रविवारी दुपारी बघितला, बाल्कनीतून झाडं, मागे मुठा, वारा काय मस्त, किंमत पण आजूबाजूपेक्षा कमी. नवरा तर सोफा कुठे ठेवायचा ते बघायला लागला. मला ती कमी किंमतच खुपत होती, म्हणून मंगळवारी शाळा सुटल्यावर एकटीच परत गेले. ब्रोकरला सांगितलंच नाही.

पार्किंगमध्ये उभी राहिले आणि काहीतरी विचित्र वाटलं. भिंतीला माझ्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत नवीन रंग होता, वर जुना. आणि विजेचे सगळे मीटर पार छताजवळ, खाली लोखंडी शिडी टेकवलेली. मी वॉचमन काकांना विचारलं, मीटर एवढे वर का हो? ते माझ्याकडे बघून नुसतं हसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या इस्त्रीवाल्या ताईंना विचारा."

ताईंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "ह्याच्या वर आलं होतं पाणी. लोकांचे कपडे गेले, मग भरून कोण देणार, मीच दिले." 25 जुलै 2024. पेपरात सिंहगड रोडवरच्या एकतानगरीचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील, घरात पाणी, लष्कराच्या बोटी. कारण तसं सरळ आहे, खडकवासला धरण दिसायला मोठं वाटतं पण त्यात मावतं जेमतेम 2 टीएमसी, म्हणजे 2 अब्ज घनफूट, आणि वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी त्यातच येतं. घाटात जोरदार पाऊस झाला की ते बघता बघता भरतं आणि मग दरवाजे उघडण्याशिवाय इलाज नसतो. त्या दिवशी विसर्ग 35 हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला 35 हजार घनफुटांच्या घरात गेला होता. आपण दरवर्षी "भिडे पूल पाण्याखाली" वाचून फोटो फॉरवर्ड करतो ना, तेच पाणी आधी ह्या लोकांच्या पार्किंगमधून जातं.

ब्रोकरला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, आपली बिल्डिंग ब्लू लाइनच्या बाहेर आहे, लिहून देतो." आता मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे माझ्यापुढे बोलायला नको होतं. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. लोक ऐकतात "25 वर्षांतून एकदा" आणि समजतात 2024 ला येऊन गेला, आता 2049 पर्यंत सुट्टी. तसं नसतं हो! त्याचा अर्थ दरवर्षी 4 टक्के शक्यता, आणि बिल्डिंग बरोबर त्या रेषेवर असेल तर 20 वर्षांच्या होमलोनमध्ये निदान एकदा पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते, करून बघा. आमची त्या रेषेच्या बाहेर होती, पण किती बाहेर तर एका रस्त्याने. आईला सांगितलं तर ती गणिताच्या भानगडीत पडलीच नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. "नदीकाठी? मी पानशेत बघितलंय," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मग नवरा म्हणाला जरा पुढे बघू, किरकटवाडी, नांदेड गावाकडे, उंचावर आहे, स्वस्त आहे. तिथे दुसरंच. 2025 च्या जानेवारीत जीबीएस ह्या नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे पेशंट सापडायला लागले ते बरेचसे ह्याच पट्ट्यातले, आणि संशय गेला पिण्याच्या पाण्यावर. म्हणजे पाणी येतं का विचारून भागत नाही, कुठल्या विहिरीतून येतं तेही विचारायचं. बरं, उलट शहराच्या बाजूला सरकावं तर कालवा. सप्टेंबर 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली होती, पाऊस नाही काही नाही, भर दिवसा रस्त्यावर नदी. मी हे सगळं जेवताना सांगत होते तर नवरा वैतागून म्हणाला, "मग राहायचं कुठे, पर्वतीवर?"

खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण त्या दिवसापासून मी फ्लॅट रविवारी बघायला जाणं बंद केलं. रविवारी सगळेच एरिया गोड दिसतात.

आता एक तिसरा मजला बघितलाय, हिंगण्यात, चढावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट कुरकुरते, बाल्कनीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मीटर खाली, जिन्याशेजारी, जिथे असायला पाहिजेत तिथेच, आणि त्यावर बरीच वर्षं साचलेली धूळ. मला त्या धुळीचंच कौतुक वाटलं. मग गुरुवारी शहराचं पाणी बंद होतं ते निमित्त साधून शुक्रवारी सकाळी गेले, म्हणजे महापालिकेच्या नोटिशीतलं तेच ते "उशिरा व कमी दाबाने" वालं. खालच्या मजल्यावरच्या काकू आधी जरा संशयाने बघत होत्या, मग म्हणाल्या ये, उघड नळ. थोडा वेळ नुसती हवा आली, मग लालसर धार, मग स्वच्छ. मी मोबाईलवर वेळ लावून बादली भरली. साडेचार मिनिटं. काकू म्हणाल्या रोज दोनच लागतात.

टोकन अजून दिलेलं नाहीये. पण ह्या ब्रोकरचा फोन मी उचलते.