कालोचा ब्रेडा, चार इंचाची प्लेट आणि मी

आम्ही नेदरलँड्समध्ये टिलबर्गला राहतो, ब्रेडा इथून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं, म्हणून संध्याकाळच्या एचिंगच्या (तांब्याच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून चित्र छापायचं) क्लासला कॉपी करायला चित्र निवडा म्हटल्यावर मी हौसेने सतराव्या शतकातला फ्रेंच एचिंगवाला झाक कालो याचा 'ब्रेडाचा वेढा' निवडला. सरांनी नुसतं हसून बघितलं, ते का ते नंतर कळलं. मूळ चित्र सहा प्लेट्सवर आहे, जोडलं की मीटरहून जास्त रुंद, आणि त्यात मुंगीएवढे सैनिक किती ते मोजायच्या भानगडीत पडू नका. मी घेतला खालचा एक कोपरा: पुढे एक घोडेस्वार, मागे भालेवाल्यांची रांग, लांब खंदक आणि गावाचा तट.

वेढा 1624 च्या ऑगस्टमध्ये पडला. स्पेनचा सेनापती स्पिनोला याने हल्ला करायच्या फंदात न पडता गावाभोवती खंदक-मोर्च्यांचं कडं घातलं, बाहेरून मदत येऊ नये म्हणून त्याच्याबाहेर आणखी एक, रसद तोडली आणि वाट बघत बसला. शेवटी जून 1625 मध्ये उपाशी शिबंदीने गाव सोडलं. कालो तेव्हा तिथे नव्हताच, ब्रुसेल्सहून स्पेनच्या वतीने कारभार बघणाऱ्या इसाबेलाने काम दिल्यावर नंतर येऊन त्याने सगळं बघितलं.

आता प्लेट. तांब्याच्या कडा कानशीने घासायच्या, नाहीतर कागद फाटतो. मग तेलकटपणा काढायचा, तोही चक्क सोया सॉसने (मला वाटलं चेष्टा करतायत), पाणी थेंब न होता सपाट पसरलं की झालं. वरून ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा थर, लावायचं, चित्र उलटं ट्रेस करायचं आणि सुईने खरवडायचं. कालोने इथे एक डोकं चालवलं होतं, मेणाच्या ग्राउंडऐवजी ल्यूट (एक तंतुवाद्य) बनवणारे कारागीर वापरतात तसलं कडक व्हार्निश घेतलं, ते टवके न उडता टिकतं, म्हणून प्लेट पुन्हापुन्हा ॲसिडात घालता येते. आणि सुईऐवजी तिरक्या टोकाचं एशॉप नावाचं हत्यार, ते बोटात फिरवलं की रेघ मध्येच जाड होते. माझी रेघ जाड झाली ती हात थरथरल्यामुळे.

खरी वाट लागली ती फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे खरवडलेल्या रेघांतलं तांबं खाणाऱ्या द्रावणात. ते एवढं काळपट असतं की आत काही दिसत नाही, आणि रेघांत गाळ बसू नये म्हणून प्लेट पालथी ठेवायची, म्हणजे नुसतं घड्याळ बघत बसायचं. मी सगळं एकदमच 45 मिनिटं ठेवलं, नि प्रूफ (चाचणीचं प्रिंट) काढलं तर लांबचा तट पुढच्या घोड्याइतकाच काळा, ब्रेडा गाव चालत येऊन घोड्याच्या डोक्यावर बसलेलं! म्हणजे कालोचं ते मैलभर अंतर आहे ना, ते नुसतं ड्रॉइंगमधून आलेलं नाही, मिनिटांतूनही आलंय. लांबचं थोडाच वेळ खाऊ द्यायचं, बाहेर काढून त्यावर व्हार्निश मारून बंद करायचं, मग मधलं, आणि घोडा सगळ्यात शेवटपर्यंत आत. पुस्तकात हे दहादा वाचलं होतं, पण कळलं तेव्हाच.

नवीन प्लेटवर पुन्हा सगळं खरवडलं, दोन आठवडे गेले, नवरा म्हणाला स्पिनोलाचं बरं होतं. तट 7 मिनिटं, भाले 15, घोडा 45. पण शाई पुसताना माझा नेहमीचा ओटा पुसायचा जोर लागला आणि बारीक रेघांतली शाईच निघाली, प्रिंटमध्ये गाव गायब. सर म्हणाले प्लेट चांगली आहे, हात हलका कर.

तिसऱ्या प्रिंटला जाळीचं कापड नुसतं फिरवलं, शेवटी तळव्याने पुसलं, भिजवलेला कागद, वर ब्लँकेट, प्रेसचं चाक. घोडा काळाकुट्ट, आणि भाल्यांच्या फटीतून तट, केसाएवढा, पण होता. एका सैनिकाला तीन पाय आहेत. ते तसेच ठेवलेत.