होय, नाही आणि मॉड्यूल

आजचा दिवस लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) एका नेटवर्क ड्रायव्हरची बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया, दुरुस्त करण्यात गेला. नेहमीच्या कॉन्फिगवर (कोणत्या सुविधा घ्यायच्या, याच्या पर्यायांच्या संचावर) तो बिनतक्रार कंपाइल होत होता. मात्र रँडकॉन्फिग या चाचणीच्या सोयीने पर्याय यादृच्छिकपणे निवडले तेव्हा कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेले फंक्शन सापडत नाही) म्हणून थांबला.

कारण असे, की कर्नलमधील बहुतेक सुविधांना होय आणि नाही यांखेरीज मॉड्यूल (कर्नल चालू असताना वेगळा जोडता येणारा भाग) ही तिसरी अवस्थाही असते. अचूक वेळेसाठीची पीटीपी (प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल) सुविधा बंद असेल, तर हेडर फाइलमधील रिकामी, नावापुरती असलेली स्टब फंक्शन्स ड्रायव्हरला सांभाळून घेतात; परंतु पीटीपी मॉड्यूल असून ड्रायव्हर मात्र मूळ कर्नलमध्येच बसवलेला असेल, तर त्याला हवे असलेले फंक्शन लिंक करताना मुळी उपलब्धच नसते.

कोडमध्ये ‘इज रीचेबल’ची (सुविधा इथून वापरता येते का, हे पाहणारी) तपासणी घातली असती, तर चूक लगेच नाहीशी झाली असती. पण मग वापरकर्त्याने पीटीपी निवडूनही ती ड्रायव्हरमध्ये निमूटपणे बंद राहिली असती, आणि हे मला अजिबात मान्य नाही. दुसरा पर्याय आपोआप चालू करणारे ‘सिलेक्ट’ही नको, कारण ते निवडलेल्या पर्यायाची स्वतःची अवलंबित्वे तपासत नाही. नेमक्या याच अडचणीसाठी 2021 मध्ये कर्नलमध्ये ‘पीटीपी 1588 क्लॉक ऑप्शनल’ हे चिन्ह (कॉन्फिगमधील पर्यायाचे नाव) आले. ड्रायव्हरच्या नोंदीत त्यावर ‘डिपेंड्स ऑन’ (अवलंबून) लिहिले, की पीटीपी मॉड्यूल असताना ड्रायव्हरही मॉड्यूलच होऊ शकतो, आणि पीटीपी बंद असेल तर काहीच बंधन राहत नाही.

बदल केकॉन्फिगमधील, म्हणजे हे पर्याय ठरवणाऱ्या फाइलमधील, एका ओळीचा आहे. कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) मात्र लिंकरची मूळ तक्रार आणि ती घडवणारे पर्याय सविस्तर नोंदवले आहेत.