आमची वाटचाल : आधी पाणी, मग रंग

आम्ही नवराबायको जुने फ्लॅट नव्यानं करून देतो. आमचं पहिलं काम आमच्याच घराचं होतं. 2011 साली बडोद्यात कारेलीबागेत आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट घेतला. कागदावर 650 चौरस फूट. टेप लावून मोजला तेव्हा भिंतींच्या आतली जागा भरली जेमतेम 440. त्या काळी सुपर बिल्टअपचा आकडा सांगायचा आणि जिना, पॅसेज सगळं त्यातच धरायचं, अशी रीतच होती. 2016 च्या रेरा कायद्यानंतर नव्या इमारतींत बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, सांगावाच लागतो, पण जुने फ्लॅट हात बदलतात तेव्हा तोच जुना आकडा अजून ऐकू येतो. म्हणून कुणी "आमचा साडेसहाशेचा आहे" असं म्हणालं, की आम्ही आधी टेप घेऊन जातो आणि मगच बोलतो.

तेव्हा फर्म वगैरे काही नव्हतं. मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायचे आणि हे मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. माझे आजोबा कलाभवनात ड्रॉइंग शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या त्या संस्थेबद्दल ते घरात नेहमी बोलत. त्यांची घडीची लाकडी फूटपट्टी माझ्याकडे आली. तिच्या कडेचे आकडे आता पुसट झालेत, तरी नव्या साइटवर पहिलं माप मी तिनंच घेते.

आमच्या फ्लॅटमध्ये सगळं 1980 च्या दशकातलं होतं. मोझॅक फरशी, कोटा दगडाचा ओटा, कडप्प्याच्या फळ्या, लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागावर आलेला माळा. पैसे मोजकेच होते. आम्ही डोळ्यांना दिसेल ते आधी केलं. ओट्याला ग्रॅनाइट, भिंतींना रंग, हॉलला पीओपीची कड. बाथरूममध्ये जुन्या टाइल्स काढून नव्या बसवल्या. आमच्या बडोद्यात गवंड्याला मराठी माणूससुद्धा कडियाच म्हणतो. त्या कडियानं सांगितलं की खालचा कोबा (पाणी अडवणारा सिमेंटचा थर) चांगला आहे, हात लावू नका. आम्हालाही पैसे वाचलेले हवेच होते.

चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "अगं, जरा खाली येऊन बघतेस का?" त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरात, बाथरूमच्या भिंतीला लागून. वरच्या कोपऱ्यात पिवळट ओल धरली होती आणि तिच्या कडेनं रंगाचे पापुद्रे सुटले होते. एक पापुद्रा निरांजनाच्या शेजारी पडला होता. काकूंनी तो उचललेला नव्हता, मला दिसावा म्हणून तसाच ठेवला होता.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच नव्या टाइल्स फोडल्या. खाली निघालं ते असं : जुन्या टाइल्स काढताना घणाचा दणका बसून न्हाणी ट्रॅप (सांडपाणी जायची जाळीखालची वाटी) आणि बिडाचा जुना पाइप यांचा सांधा तडकला होता. अंघोळीचं पाणी टाइलच्या फटींतून खाली उतरत होतं, स्लॅबच्या खोलगट भागातल्या भरावात साठत होतं आणि तिथून वाट काढत भिंतीपर्यंत जात होतं. नवी टाइल सगळ्याला झाकून चकचकीत दिसत होती. बाथरूम पुन्हा करायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस आम्ही अंघोळीला दांडिया बाजारात माझ्या माहेरी जात होतो. काकूंचं छत खरवडून, वाळवून, रंगवून दिलं, आणि पाऊस संपेपर्यंत दर रविवारी खाली जाऊन हात लावून बघितलं.

त्या दिवाळीत काकूंनी त्यांच्या भाच्याला आमच्याकडे पाठवलं. "ही दोघं चुकली तर परत येतात," असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. ते आमचं पहिलं गिऱ्हाईक. 2012 च्या अखेरीस मी नोकरी सोडली, वर्षभरानं यांनी सोडली.

तेव्हापासून आमचा एक हिशेब ठरलेला आहे. घरासाठी शंभर रुपये ठेवले असतील तर त्यातले चाळीस आम्ही आधी भिंतीच्या आणि फरशीच्या आत घालतो. पुष्कळांना हे पटत नाही. मोबाइलवर फोटो बघून आलेल्या माणसाला पाइपवर खर्च करायचा म्हणजे जिवावर येतं, आणि ते साहजिकही आहे. पण जुना फ्लॅट उबदार व्हायचा असेल तर तो आधी कोरडा व्हायला हवा. ओल असलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, दोन पावसाळ्यांत फुगतो.

बाथरूम आम्ही आता थेट स्लॅबपर्यंत उघडतो. जुने बिडाचे आणि गंजके जीआय पाइप निघतात, पाणी आणायला सीपीव्हीसी आणि न्यायला पीव्हीसी पाइप येतात. फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथे काटकोन ठेवत नाही, सिमेंटचा गोल वाटा मारतो, कारण तडा बहुतेक वेळा त्या काटकोनातच जातो. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, वाळला की दुसरा उभा. मग ट्रॅपला बोळा लावून चार बोटं पाणी भरतो, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारतो आणि 72 तास कुणालाही आत जाऊ देत नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघून येतो. उन्हाळ्यात रेघेखाली थोडं पाणी आटतंच, म्हणून शेजारी त्याच पाण्याची एक बादली भरून ठेवतो. तिच्यातलं पाणी जितकं आटलं तितकंच आत आटलं पाहिजे. त्यानंतरच टाइल, आठ फुटांना एक इंच ढाळ ठेवून.

वायरिंग यांचं खातं. जुन्या घरांत अर्थिंग नसतंच असं धरून ते सुरुवात करतात. दिवे-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पॉवर पॉइंटना अडीच, गीझर आणि एसीला चार, आणि सगळ्यांवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. यात ते कुणाचंही ऐकत नाहीत, माझंसुद्धा.

प्लायवूडनं आम्हाला एकदा चांगलंच फसवलं. आयएस 710 चा शिक्का मारलेला, म्हणजे मरीन ग्रेडचा, पाण्यात टिकणारा, असं सांगून एका दुकानदारानं माल दिला. सिंकखालच्या कपाटाचा तळ सहा महिन्यांत पावासारखा फुगला. आमच्या सुतारकाकांनी तो हातानं उकलून पापुद्रे वेगळे करून दाखवले आणि म्हणाले, "बेन, आ तो पाणी पी गयुं." कपाट आम्ही आमच्या खर्चानं बदलून दिलं. आता प्रत्येक लॉटमधून वीतभर तुकडा कापतो आणि गोडाउनमध्ये पातेल्यात आठ तास उकळतो. थर सुटले तर सगळा माल परत.

आता झोपाळ्याबद्दल सांगते, कारण आमच्या कामाची तऱ्हा मला त्या घरात सापडली.

प्रतापनगरला एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. आम्ही त्यांना आजोबा-आजीच म्हणतो. फ्लॅट 1986 चा, हॉल दहा बाय चौदा. पुण्याला असलेल्या मुलाला आईवडिलांसाठी नवं, सुंदर घर करून द्यायचं होतं, आणि त्यानं मनापासून यादी पाठवली होती : फॉल्स सीलिंग, एलईडीची पट्टी, मोठा सोफा, टीव्हीमागे पॅनेल. आजी सगळ्याला हो म्हणत होत्या. निघताना मला दाराशी थांबवून हळूच म्हणाल्या, "रावपुऱ्याच्या वाड्यातला आमचा झोपाळा दिरांच्या माळ्यावर पडून आहे गं. इथे मावणार नाही, माहितीये मला."

झोपाळा संखेड्याचा होता. संखेडा बडोद्याहून फार लांब नाही. तिथले खरादी सागवान लेथवर फिरवत असताना लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते. तिच्याखालची नक्षी कथलाच्या रंगानं काढलेली असते. वर लाख चढली की तीच नक्षी सोनेरी दिसायला लागते, सोनं त्यात कणभरही नसतं. आजींच्या झोपाळ्याची लाख जागोजागी उडाली होती, पितळी कड्या काळ्या पडल्या होत्या, पण पाट सरळ होता. मी फूटपट्टी लावली. लांबी साडेपाच फूट, रुंदी दोन.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत पुष्कळदा स्लॅब भरतानाच झोपाळ्यासाठी सळईचे हुक सोडलेले असतात. इथे दिसत नव्हते. यांनी शिडीवर चढून छत हातानं चाचपलं, डिस्टेंपरचे थर खरवडले, तेव्हा एका ओळीत चार उंचवटे सापडले. कधीतरी कुणीतरी हुक वाकवून वर लपवले होते आणि त्यावर रंग मारत गेले होते. फॉल्स सीलिंग केलं असतं तर ते कायमचे गेले असते. पण वाकवलेल्या जुन्या सळईवर माणसं बसवायची नसतात. जरा जोर लावला तर ती आतल्या आत चिरते. म्हणून ते हुक नुसते खुणेला घेतले, त्यांच्या रेषेत स्लॅबला आरपार भोकं पाडली, वरच्या मजल्यावरच्यांची परवानगी काढून त्यांच्या चार टाइल्स उचलल्या, पोलादी पट्टी बसवून बोल्ट खाली सोडले आणि त्यांच्या टाइल्स पूर्ववत करून दिल्या. मग सिमेंटच्या आठ गोण्या, म्हणजे 400 किलो, दोन दिवस टांगून ठेवल्या.

सोफा आलाच नाही. झोपाळा खिडकीला समांतर, हॉलच्या मधोमधपेक्षा जरा मागे. पुढेमागे अडीच फूट मोकळं. समोर भिंतीलगत बसायचा ओटा बांधला, खाली ओढायचे खण, त्यात गाद्या-उशा आणि आजोबांची जुनी मासिकं. मोझॅक फरशी उखडली नाही. दगड लावून घासली, ऑक्झॅलिकनं पॉलिश केली, आणि आजींनी सांगितलं म्हणून कळलं की तिच्यात हिरव्या चिपा आहेत, इतकी वर्षं त्या मेणचटपणाखाली गेल्या होत्या. जुन्या फरशीवर नवी टाइल चढवली की उंची पाऊण-एक इंचानं वाढते, दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमचा उंबरठा बुडतो. ते सगळं टळलं, आणि वाचलेल्या पैशांत झोपाळ्याचे कठडे संखेड्याला पाठवून पुन्हा लाख चढवून आणले. पांढरे भगभगीत दिवे काढून 3000 केल्व्हिनचे पिवळसर लावले. स्वयंपाकाचा ओटा आजींच्या कोपराच्या चार इंच खाली आला. त्या चार फूट दहा इंच आहेत, बाजारातल्या तयार किचनमध्ये त्यांना कायम खांदे उचलून पोळी लाटावी लागली असती.

मुलगा दिवाळीत आला, बराच वेळ झोपाळ्यावर बसला, मग मला फोन करून म्हणाला, "ताई, सीलिंगचं राहू द्या." सीलिंग तर केव्हाच राहिलेलं होतं.

नोटबंदी आणि जीएसटीची वर्षं कशीबशी काढली. 2020 च्या टाळेबंदीत तीन साइट्स अर्ध्यावर होत्या. राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले आमचे कारागीर गावी गेले, आणि परत आले ते दसऱ्याच्या सुमारास. त्यानंतर मात्र कामं वाढली, घरून काम करायला एक कोपरा प्रत्येकाला हवा होता.

पाण्यानं आम्हाला पुन्हा शिकवलं ते पुरात. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये तर विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली. समा भागात आम्ही केलेला तळमजल्याचा एक फ्लॅट दोन्ही वेळा पाण्यात होता. 2019 मध्ये आमचं सगळं नवं प्लायचं किचन गेलं. शेजारच्याच ब्लॉकमधलं, कुणी हात न लावलेलं कडप्प्याच्या खणांचं जुनं किचन धुऊन पुसून दुसऱ्या आठवड्यात चालू झालं. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण असेच कडप्पे आम्ही किती घरांतून फोडून टाकले होते. त्या घरी आम्ही किचन पुन्हा केलं : खालचे खण कडप्प्याचे, दारं पीव्हीसी बोर्डाची आणि बिजागरीवरून दहा मिनिटांत काढता येणारी, प्लग पॉइंट जमिनीपासून चार फुटांवर, आणि खालच्या पॉइंट्सची लाइन वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे वेगळ्या सुरक्षा स्विचवर. 2024 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा घरच्यांनी दारं काढून माळ्यावर टाकली आणि तेवढा एमसीबी पाडला. चिखल धुऊन झाल्यावर फक्त रंगाचा खर्च आला. तळमजल्याचं कुठलंही घर आम्ही आता असंच करतो, मालकानं विचारलं नसलं तरी.

आज आम्ही सहा जण आहोत, सुतारकाका धरून. एका वेळी दोनच घरं घेतो, आणि शक्यतो 700 फुटांच्या आतली. मोठ्या बंगल्यांची कामं आली, त्यांत पैसेही बरे होते, पण ज्या घरात प्रत्येक इंचावरून घरच्यांशी बोलावं लागतं तिथेच आमचा जीव रमतो.

सध्या मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर एक काम चालू आहे. नवराबायको, शाळकरी मुलगी आणि सासूबाई, जागा 410 फूट. मुलीला अभ्यासाला खिडकी हवी आहे आणि सासूबाईंना तीच खिडकी तुळशीसाठी. काल संध्याकाळी बाथरूममध्ये पाणी भरलं, रेघ मारली, बादली ठेवली. उद्या संध्याकाळी 72 तास होतील की नाही याचा हिशेब सुतारकाका सकाळपासून दोनदा विचारून गेले. नाही होत, त्यापुढे अजून एक रात्र आणि एक दिवस आहे. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या बेनकडे छत बघायला जायचं आहे.