तुम्ही विचारलंत म्हणून: लॉर्डीला मुखवटे कशाला हवेत?

"गाणी खरंच चांगली असतील, तर मग हे राक्षसांचे मुखवटे कशाला?" लॉर्डी हा फिनलंडचा हार्ड रॉक बँड माझा आवडता आहे असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 2006 च्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेचा व्हिडिओ कुठेतरी पाहिलेला असतो. शिंगं, पंख, ठिणग्यांचे फवारे आणि 'हार्ड रॉक हालेलुया'. त्याच्या आधीचं आणि नंतरचं फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नसतं, आणि उत्तर तर तिथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा बँड ज्याने उभा केला तो टोमी पुतान्सू, म्हणजे मिस्टर लॉर्डी, फिनलंडच्या अगदी उत्तरेकडच्या लॅपलंडमधल्या रोव्हानिएमी गावचा. जन्म 1974 चा. त्याची दोन वेडं: भयपटांतले राक्षस, आणि चेहरे रंगवून गाणारा किस हा अमेरिकन बँड. किसच्या फिनलंडमधल्या चाहत्यांच्या क्लबचा तो प्रमुखही होता. चित्रं काढायची, चित्रपटांसाठी स्टोरीबोर्ड आणि विशेष रंगभूषा करायची, हे त्याचं काम. 1992 मध्ये त्याने लॉर्डी सुरू केला तेव्हा तो एकटाच होता. आधी गाणी रचली आणि मग खपावीत म्हणून वेश चढवले, असं इथे झालेलंच नाही. राक्षस आणि गाणं एकाच डोक्यातून, एकाच हातातून आलेत.

फोम लेटेक्सचा, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराचा चेहरा करायचा म्हणजे काय, ते जरा बघा. आधी माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत राक्षस घडवायचा, त्याचा पुन्हा साचा काढायचा, त्यात फेसाळलेलं लेटेक्स भरायचं आणि ते भट्टीत भाजायचं. तयार झालेल्या चेहऱ्याच्या कडा इतक्या पातळ ठेवायच्या, की त्वचेवर चिकटवल्यावर जोड दिसू नये. त्यातही ओठांभोवतीचं काम सर्वांत नाजूक, कारण या राक्षसाला पुढचा तास-दीड तास गायचं असतं. वर उंच टाचांचे बूट, अंगावर जड पोशाख, समोर आगीचे लोळ. आणि लॉर्डीचा रिवाज असा, की नव्या अल्बमबरोबर सगळ्यांचे वेश नवे. मुखवट्यांची कल्पना आणि घडण मिस्टर लॉर्डीचीच. एवढी मेहनत कुणी नुसतं लक्ष वेधून घेण्यासाठी तीस वर्षं करत नाही.

शिवाय लक्ष वेधलं जायलाही दहा वर्षं लागली. 1997 मध्ये एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, पण तो काढणारी कंपनीच बुडाली आणि अल्बम पडून राहिला. चाहत्यांच्या हाती तो आला थेट 2012 मध्ये. अखेर 2002 मध्ये 'वुड यू लव्ह अ मॉन्स्टरमॅन' आलं, फिनलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पाठोपाठ 'गेट हेवी' हा अल्बम निघाला. सोपे, सणसणीत, एकदा ऐकले की तोंडात बसणारे कोरस ही त्यांची खूण तेव्हापासूनची.

मग 2006 ची अथेन्समधली युरोव्हिजन. फिनलंड 1961 पासून युरोव्हिजनमध्ये उतरत होतं. पंचेचाळीस वर्षांत सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे 1973 चा सहावा क्रमांक. तीनदा तर पदरात शून्य गुण. अशा देशाने राक्षस पाठवायचं ठरवल्यावर घरातच कुरबुर सुरू झाली. ग्रीसमध्ये काही धार्मिक गटांनी हा बँड सैतानाचा आहे म्हणून बंदीची मागणी केली. खरं तर गाण्याच्या नावातच हालेलुया, म्हणजे देवाची स्तुती आहे! 20 मे 2006 च्या रात्री मिस्टर लॉर्डीच्या पाठीवरचे पंख उघडले आणि मतं येऊ लागली. एकूण 292 गुण, तोवरचा विक्रम. ज्या ग्रीसमधून बंदीची मागणी झाली, तिथल्या प्रेक्षकांनीही फिनलंडला पूर्ण 12, म्हणजे एका देशाला देता येतात तेवढे सर्वाधिक गुण दिले. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट फार आवडते.

हेलसिंकीच्या बाजारचौकात त्यांच्या स्वागताला 80-90 हजार माणसं जमली आणि सगळ्यांनी मिळून ते गाणं म्हटलं. रोव्हानिएमीच्या मुख्य चौकाला लॉर्डीचं नाव मिळालं, पुढच्या वर्षी टपाल तिकीट निघालं. पण त्या दिवसांतली बोलकी घटना वेगळीच आहे. एका फिनिश साप्ताहिकाने मिस्टर लॉर्डीचा मुखवट्याविना फोटो छापला. लोक इतके चिडले, की बहिष्काराच्या याद्यांवर सह्यांचा पाऊस पडला आणि साप्ताहिकाला माफी मागावी लागली. तो चेहरा शोधून काढणं कुणालाही जमलं असतं, लोकांनाच तो बघायचा नव्हता. त्यांच्या लेखी मुखवटा हाच खरा चेहरा होता.

नंतरची वर्षं उताराची, असं म्हणतात. फिनलंडबाहेर तशी गर्दी पुन्हा झाली नाही हे खरं. 2008 मध्ये 'डार्क फ्लोअर्स' हा भयपट केला, तोही फार चालला नाही. माणसंही गेली. ड्रमवादक कीटा 2010 मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी आलेला ओटस 2012 मध्ये अकाली वारला. कीबोर्डवरची आवा गेली, हेला आली. बास गिटारवाला ओएक्स गेला. आणि मिस्टर लॉर्डीबरोबर सर्वांत जास्त काळ टिकलेला गिटारवादक आमेनही 2022 मध्ये गेला. मात्र जो जातो त्याचा राक्षस त्याच्याबरोबर जातो. नव्या माणसाला जुना मुखवटा कधीच दिला जात नाही, त्याच्यासाठी नवा राक्षस जन्माला येतो. खुद्द किसने मूळ गिटारवादकाची रंगभूषा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढवली. लॉर्डीने ते केलं नाही, याचं मला मोल वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, गाणी. 2020 मध्ये 'किलेक्शन' हा अल्बम आला. कल्पना अशी, की लॉर्डी सत्तरच्या दशकापासून गातोय असं मानायचं आणि त्या काल्पनिक कारकिर्दीतली निवडक गाणी एकत्र करायची. प्रत्येक गाण्याचा बाज त्या त्या काळाचा, ड्रमचा आवाजसुद्धा. त्यातलं 'लाइक अ बी टू द हनी' किसच्या पॉल स्टॅन्लीच्या लेखणीतून उतरलेलं. किसच्या चाहत्यांच्या क्लबचा प्रमुख किसवाल्याचं गाणं गातोय! मग महासाथ आली, दौरे बंद पडले. घरी बसलेल्या मिस्टर लॉर्डीने ती काल्पनिक कारकीर्दच खरी करायला घेतली. नोव्हेंबर 2021 मध्ये 'लॉर्डीव्हर्सिटी' या नावाने सात अल्बम एका दिवशी निघाले. एक सत्तरच्या दशकातलं हार्ड रॉक, एक डिस्को, एक लांबलचक वळणांचं प्रोग्रेसिव्ह, मग ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल, रेडिओवर वाजेल असं गोड रॉक, थ्रॅश म्हणजे भरधाव वेगाचं मेटल, आणि शेवटी नव्वदीतलं इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांसारख्या आवाजांचं रॉक. सातही सारखे जमलेत असं मी म्हणणार नाही. थ्रॅशमध्ये त्यांचा श्वास कमी पडतो. पण 'सुपरफ्लायट्रॅप' हा डिस्को अल्बम ऐका. त्यातली बास गिटार नाचायला लावते आणि वर तोच खरखरीत राक्षसी आवाज. ज्याला फक्त मुखवटा विकायचा आहे, त्याला सात काळांचे सात बाज शिकायची गरज नसते. शिवाय डिस्को गाणारा राक्षस आपण ऐकून घेतो, कारण तो राक्षस आहे. साध्या चेहऱ्याच्या बँडला एवढी मोकळीक कुणी देत नाही. मुखवट्याने गाणी झाकली नाहीत, त्यांचा आवाका वाढवला.

2023 मध्ये ते सॅबटन या स्वीडिश मेटल बँडबरोबर युरोपभर मोठ्या सभागृहांत वाजवत फिरले, 2025 मध्ये 'लिमिटेड डेडिशन' हा अल्बम आला. सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर युरोव्हिजनचं गाणं सध्या बाजूला ठेवा. 'दी अरॉकॅलिप्स' या अल्बममधलं 'इट स्नोज इन हेल' लावा. त्यात किसचाच माजी गिटारवादक ब्रूस क्युलिक वाजवतो. मग 'डेडएक' हा अल्बम पूर्ण ऐका. तो आवडला, तर 'किलेक्शन' कडे वळा आणि हेडफोन चांगले घ्या.