तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीचं जीन एडिटिंग का करत नाही?

"ती जीन कापायची कैची निघाली ना? मग पोरीचं करून का घेत नाही? पैशाचंच अडलंय का?" पोरीला सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, अंगात असह्य दुखणं उठतं. त्याच्या ओपीडीतल्या रांगेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच.

पैशाचं अडलंयच. कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जीन एडिटिंगच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. घरदार विकूनही जमणार नाही. पण हे उत्तर मी सोयीचं म्हणून देतो. समोरचा लगेच गप्प होतो.

मुळात त्यात सिकलसेल ज्यामुळे होतो ते डीएनएतलं चुकलेलं अक्षर कुणी दुरुस्त करत नाही. ते तसंच राहतं. वाट दाखवणाऱ्या गाइड आरएनएतली २० अक्षरं कॅस९ला, म्हणजे त्या कैचीला, मुद्दाम दुसऱ्याच ठिकाणी नेतात, बीसीएल११ए नावाच्या जीनपाशी. पोटातल्या बाळाचं वेगळं हिमोग्लोबिन जन्मानंतर हेच जीन बंद पाडतं. रक्तपेशींत त्याला चालू ठेवणारा तुकडा कॅस९ कापतं, पेशी घाईघाईत जोड देते, जोडताना अक्षरं गळतात नाहीतर जास्तीची घुसतात, आणि जीन मंदावतं. मग ते जुनं, सिकलचा बिघाड नसलेलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पोरीची रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळीसुद्धा तेच वाढवते, फक्त कमी.

नागपूरला डॉक्टर हे समजावत होते तेव्हा पोर शेजारीच बसली होती, सतरा वर्षांची. रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल बाहेर काढून त्यांतलं जीन कापायचं, परत घालण्याआधी बोन मॅरो रिकामा करायचा, त्यासाठी बुसल्फान हे औषध. म्हणजे केमोच. ती म्हणाली, "मग मला मूल होईल?" डॉक्टर म्हणाले, धोका आहे, आधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात. मी मध्येच म्हणालो, "ते नंतर बघू." तिने कागदावरची नजर काढली नाही. "नंतर कोण बघणार, बाबा?" डॉक्टर उगाच पेनाचं टोपण लावत-काढत बसले. परतीच्या एसटीत मी तिला भीतीची, हिमतीची बरीच बडबड ऐकवली. तिने ऐकून घेतलं. बुटीबोरीच्या पुढे म्हणाली, "दुखत असतं तेव्हा मला काहीही चालेल. आज दुखत नाहीये."

मंजुरीची बातमी छापून वॉर्डभर वाटणारा मीच. तो तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो: रात्र-रात्र तिचे पाय चोळलेस, आणि आता केमोला घाबरतोस? त्याचं खोटं नाही. पण पाय तिचे आहेत.

दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत अशाच स्वस्त उपचारावर काम चालू आहे. उद्या तो परवडला तर तिलाच विचारीन, दुखत असताना आणि दुखत नसताना, दोन्ही वेळा. उत्तरं वेगळी आली तर कोणतं धरायचं, ते विचारणाऱ्यांनीच सांगावं.