हूक लावू कुठं?

"मॅडम, पट्टा घातलाय की. पण हूक लावू कुठं?"

आज दुपारी चाकणच्या एका शेडखाली उभी राहून मी ओरडले होते, "दादा, हूक लावा!" त्यावर पत्र्यावरून आलेलं हे उत्तर.

नीट बघितलं. लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा दोर, बांधलेलीच नव्हती. हूक त्यांनी स्वतःच्याच पट्ट्याला अडकवला होता, लोंबकळून पायात येऊ नये म्हणून.

आणि त्या कामाच्या परमिटवर, म्हणजे वर चढायच्या परवानगीच्या फॉर्मवर, सकाळी सही माझीच. 'हार्नेस (म्हणजे तो पट्टा) आहे का?' समोर टिक. तो कशाला अडकवायचा, असा रकानाच नाही फॉर्मवर.

सेफ्टीचा डिप्लोमा करताना 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टची कलमं तोंडपाठ होती. 40-बी, 1000 किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर हवा... तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटलं. सिमेंटचा जुना पत्रा वजनानं फुटतो, फळ्या टाकल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, हेही पेपरात लिहिलं होतं. मार्कही मिळाले.

काम थांबवलं. ठेकेदार भडकला, ते अपेक्षितच. नोकरीला दुसराच महिना माझा, हातपाय थरथरत होते, ते मात्र कुणाला दिसू दिलं नाही.

दादा खाली उतरले, घाम पुसत म्हणाले, "आधीचे साहेब फोटो काढून जायचे. तुम्ही निदान वर तरी बघितलं."

कौतुकच होतं ते. पण मी वर बघितलं ते सही केल्यावर पाच तासांनी.

या क्षेत्रात मुरलेल्यांनो, तुमच्याकडे परमिटवर सही कुठं होते? टेबलावर, की जागेवर?