०.३८ मिलिमीटरची भिंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या मशीन शॉपवर शनिवारी दुपारनंतर एखादं मशीन मोकळं असतं, तेव्हा बाहेरचे किरकोळ जॉब येतात. बुश, पिना, कुणाच्या तरी मिक्सरची कपलिंग. गेल्या महिन्यात ऐरोलीहून मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा फाउंटन पेन घेऊन आला. लाकूडकामाच्या जुन्या लेथवर त्याने स्वतः केलेलं, निळ्या ॲक्रिलिकचं. फिनिश इतकं छान की आमच्या दोन पोरांना लाज वाटावी. "काका, चार दिवस व्यवस्थित चाललं, मग आपोआप तडा गेला."

आपोआप काही जात नाही. ड्रॉइंग मागितलं तर मोबाइलवर थ्रीडी मॉडेल दाखवलं, गोल गोल फिरवून. मधून कापलेला व्ह्यू मात्र काढलेला नाही. कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

फाउंटन पेनात एकाच जागी आट्यांवर आटे बसतात. नळीच्या तोंडाशी बाहेरून टोपणाचे आटे आणि आतून सेक्शनचे, म्हणजे बोटं टेकतात त्या भागाचे. याने बाहेर एम १२ × १ घेतला होता, म्हणजे १२ मिलिमीटर व्यास आणि आट्या-आट्यांत १ मिलिमीटर अंतर, आणि आत एम १० × १, कारण ते टॅप-डाय, म्हणजे आतले आणि बाहेरचे आटे पाडायची हत्यारं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात सहज मिळाले. आता हिशेब करा. एम १२ × १ च्या आट्याचं बूड, म्हणजे खाचेचा तळ, १०.७७ वर येतं. आतल्या आट्याची खाच १० पर्यंत जाते. दोन्ही बाजू मिळून ०.७७ उरलं, म्हणजे भिंत ०.३८ मिलिमीटर. एवढ्याशा प्लास्टिकवर सेक्शन आवळून बसवला की ती उभी फाटणारच, आणि तडा उभाच होता.

मग त्याने विचारलं, टोपणाचे आटे दहा मिलिमीटर मागे सरकवले तर? चांगला प्रश्न, पण उपयोग नाही. आट्यांच्या पुढचा नळीचा तुकडा टोपणाच्या ११ मिलिमीटरच्या भोकातून आत जायला हवा, म्हणजे तो बाहेरून १०.८ ला उतरवावा लागतो. आत एम १० आहेच. भिंत पुन्हा ०.४.

मग सेक्शनचा आटा बारीक करावा, तर एम ९ × ०.७५ ने नळीची भिंत ०.८८ होते. पण कन्व्हर्टरला, म्हणजे शाई ओढून साठवणाऱ्या आतल्या सुट्या नळीला, सेक्शनच्या मानेतून, म्हणजे मागच्या आटे असलेल्या भागातून, जायला साडेसात मिलिमीटरचं भोक लागतं आणि एम ९ × ०.७५ च्या आट्याचं बूड ८.०८. मान ०.२९ वर आली. इकडून वाचवलं की तिकडून जातं.

स्वस्तातली वाट इथेच सापडते. कन्व्हर्टर काढून टाका. ड्रॉपरने सरळ नळीत शाई भरायची, आपल्याकडे जुनी पेनं अशीच होती. मग सेक्शनमधून फक्त फीड, म्हणजे निबला शाई पोचवणारा तिच्याखालचा तुकडा, जातं, साधारण साडेसहाच्या भोकात, आणि मान ०.७९ राहते. निब-फीड एकत्र बसवलेल्या परदेशी निब युनिटला लागणारा एम ७.४ × ०.५ चा टॅपही वाचतो. तो नागदेवीवर मागितलात तर दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल. फीड आणि निब दाबून बसवायची. मात्र भोक पुस्तकातल्या मापाने पाडू नका. निब फीडवर ठेवून दोन्ही मिळून व्हर्निअरने मोजा, भोक किंचित कमी ठेवा आणि रीमर, म्हणजे भोक किंचित मोठं करायचं हत्यार, हाताने फिरवून जुळवा. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. शाई पाव नळीवर आली की पुन्हा भरा, नाहीतर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर डाग पडतो.

दुसरं, पहिल्या पेनाला ॲक्रिलिक नको, एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, घ्या. आंध्रातल्या राजमहेंद्रीची नावाजलेली पेनं त्याचीच. कापताना गंधकाचा वास येतो, हात काळे होतात, आमचे शेठ त्या वासाला नाक मुरडतात. पण आटे स्वच्छ पडतात आणि चूक खपवून घेतं. हत्यार एचएसएसचंच, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं, धार ताजी. ॲक्रिलिक तापलं की ड्रिलला चिकटतं आणि आत ताण धरून बसतं. ड्रिल पाच-पाच मिलिमीटर आत घालून बाहेर काढायचं, भांड्याच्या साबणाचं पाणी सोडत राहायचं. नळी आरपार नसते, म्हणून टॅपच्या संचातला शेवटचा, तोंडाशी निमुळता नसलेला टॅप लागतो. एम ९ × ०.७५ साठी आधी ८.२५ चं भोक. टॅप टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाच्या, आधाराने हाताने फिरवा, मशीन बंद ठेवून. पैसे मोजके असतील तर आधी व्हर्निअर, टॅप, डाय, ड्रिल घ्या; लेथ तासावर मिळतं. लोक नेमकं उलटं करतात, कारण व्हिडिओत लेथ चमकतं.

एक गोष्ट अजून डोक्यात आहे. भिंगाखाली उभ्या तड्याच्या आजूबाजूला केसासारख्या बारीक रेषांचं जाळं होतं. विचारल्यावर कळलं, पॉलिशनंतर त्याने पेन स्पिरिटने पुसलं होतं. ताण असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की असंच जाळं पडतं. मग आधी काय झालं, भिंत फाटली की जाळ्याने तिला वाट करून दिली? त्याच रॉडच्या उरलेल्या तुकड्यातून दोन रिंगा कापल्या आहेत, दोन्ही ०.३८ च्या, दोन्हींत सेक्शन सारखाच आवळलेला. एक स्पिरिटने पुसली, एक कोरडी. दोन्ही टूलपेटीत आहेत. कोरडीला अजून काही झालेलं नाही.